टोंगळा फिरल्यानंतरची वीस वर्षे

यवतमाळ जिल्ह्याच्या बोलीत गुडघ्याला टोंगळा म्हणतात आणि त्याच्या बहुतेक दुखापतींचे निदान एकच असते: ‘टोंगळा फिरला’. कबड्डीत चढाई करून परतताना घोटा पकडला गेला आणि अंग मात्र मध्यरेषेकडे वळले, तर टोंगळा फिरतो. श्रावणात पाठीवर सोळा लिटरचा फवारणी पंप घेऊन वावरातून चालताना पाय चिखलात रुतला, की टोंगळा फिरतो. यात्रेतल्या कुस्तीत, भरतीच्या सरावात, गिट्टीवर दुचाकी घसरली तरी तोच. पुढचा क्रमही ठरलेला आहे. गुडघा दोन-तीन तासांत टम्म सुजतो. कुणी तेल लावून चोळून देतो, कुणी आंबेहळदीचा लेप सांगतो. एक्स-रे काढला तर हाड मोडलेले नसते. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, माणूस पुन्हा चालू लागतो आणि प्रकरण मिटले असे घरच्यांना वाटते.

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, लिगामेंट दिसत नाही. त्यामुळे ‘फोटोत काही नाही’ या वाक्याने जेवढ्या गुडघ्यांचे नुकसान केले असेल, तेवढे मालिशवाल्यांनीही केले नसेल.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे भेटतात, तिथे सांध्याच्या पोटात दोन दोऱ्या एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून जातात. त्यांतली पुढची म्हणजे अँटेरिअर क्रुशिएट लिगामेंट. तिला डॉक्टर आणि आता खेळाडूही ‘एसीएल’ म्हणतात. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी साधारण करंगळीएवढी. नडगी पुढे सरकू नये आणि पाय रोवून वळताना सांधा पिळून निघू नये, ही तिची जबाबदारी. शिवाय या दोरीत संवेदना पोचवणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. गुडघा या क्षणी किती वाकला आहे, किती ताण आहे, याची खबर मेंदूला देणाऱ्यांत तीही असते. म्हणून ती तुटली की आधार जातो आणि अंदाजही जातो. अंधारात बांधावरून उतरताना पाय कुठे पडेल याचा भरवसा वाटत नाही, असे जुने रुग्ण सांगतात, ते यामुळेच.

तुटण्याच्या क्षणी अनेकांना ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो किंवा आत काहीतरी सुटल्यासारखे वाटते. सूज लवकर येते, कारण सांध्यात रक्त साचते. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज आणि दोन तासांत भरलेला गुडघा यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात एसीएलचा संशय घ्यायलाच हवा. निदानासाठी लगेच एमआरआयच लागतो असेही नाही. गुडघा थोडासा वाकवून, एका हाताने मांडी धरून, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहायची एक साधी तपासणी आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे अस्थिरोगतज्ज्ञ जॉन लॅकमन यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि १९७६ पासून वैद्यकीय साहित्यात रूढ झाली आहे. जाणकार हात असेल तर तालुक्याच्या रुग्णालयातल्या साध्या टेबलावरही ती होते. पहिल्या दिवशी दुखण्यामुळे रुग्ण पाय ताठ धरतो आणि तपासणी फसते. म्हणून दहा-पंधरा दिवसांनी, सूज उतरल्यावर, ती पुन्हा करून घेणे महत्त्वाचे. नेमका त्याच वेळी रुग्ण दवाखान्यात जायचे थांबवतो.

या जिल्ह्याच्या काळ्या मातीचाही यात हात आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, चिकटते, पायातली चप्पल धरून ठेवते. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि पाऊल आत जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्ही ऋतूंत घडते ते सारखेच. पाऊल जागच्या जागी अडकते आणि वरचे शरीर वळते. खेळवैद्यकाच्या पुस्तकांत एसीएल तुटण्याचे वर्णन अगदी असेच केलेले असते, फक्त तिथे हिरवळ असते आणि खिळ्यांचे बूट असतात. कबड्डीत तर पाय रोवणे आणि वळणे हाच खेळ आहे. चढाईपटूचा घोटा धरून बचाव करणारा त्याचा पाय जमिनीला खिळवतो आणि चढाईपटू सगळी ताकद लावून उलट्या दिशेला झेपावतो. पवन सेहरावत या चढाईपटूला २०२२ च्या प्रो कबड्डी मोसमात पहिल्याच सामन्यात गुडघ्याची दुखापत झाली आणि उरलेला सगळा मोसम बाहेर बसावे लागले. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले. कुस्तीगीर विनेश फोगाट २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गुडघा धरून स्ट्रेचरवरून बाहेर गेली, २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली, २०२३ मध्ये डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात पॅरिसच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली.

या कथा खऱ्या आहेत आणि उमेद देणाऱ्याही आहेत. पण उमरखेड किंवा घाटंजीच्या एखाद्या मंडळाच्या खेळाडूने त्या स्वतःच्या गुडघ्याला लावून पाहण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अशा खेळाडूंमागे शल्यविशारद, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि कित्येक महिने दुसरे काहीही न करण्याची मुभा असते. ऑस्ट्रेलियातील क्लेअर आर्डर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगभरातील ६९ अभ्यास आणि साडेसात हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली. शस्त्रक्रियेनंतर कोणत्या ना कोणत्या खेळाकडे ८१ टक्के लोक परतले. दुखापतीपूर्वीच्या पातळीवर पोचले ते ६५ टक्के. स्पर्धात्मक खेळात परतणारे फक्त ५५ टक्के. म्हणजे गुडघा दुरुस्त झाल्यावरही जवळपास निम्म्या खेळाडूंची स्पर्धा तिथेच संपली. यामागे भीतीचाही मोठा वाटा असतो. गुडघा तपासणीत मजबूत ठरतो, पण पाय रोवायची वेळ आली की मन मागे ओढते. या भीतीला भित्रेपणा म्हणण्याची मैदानावरची सवय सोडलेली बरी. तिच्यावर उपाय आहेत आणि ते व्यायामाबरोबरच चालतात.

आता कबड्डी सोडून वावराकडे वळू. दुखापतीनंतर माणूस किती हालचाल करतो, हे मोजायला डॉक्टरांकडे पट्ट्या आहेत. त्यांतली एक प्रसिद्ध पट्टी स्वीडनच्या टेग्नर आणि लिसहोल्म यांनी १९८५ मध्ये मांडली. शून्य ते दहा अशी ती आहे. दहा म्हणजे राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीवरचा फुटबॉलपटू. पाच म्हणजे बांधकाम किंवा जंगलतोडीसारखे जड कष्ट. चार म्हणजे ट्रक चालवणे किंवा घरातली जड कामे. एक म्हणजे बैठे काम. आणि शून्य म्हणजे गुडघ्यामुळे आजारपणाची रजा किंवा अपंगत्वाचे निवृत्तिवेतन. या पट्टीवर शून्यावर येण्यासाठीसुद्धा आधी रजा आणि निवृत्तिवेतन देणारी नोकरी लागते! राळेगावच्या शेतात दिवसभर उकिडवे बसून निंदणारी, दिवाळीनंतर कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीच्या ओळींतून कापूस वेचणारी बाई या पट्टीवर कुठे बसवायची, याचे उत्तर पट्टीत नाही.

दुसरी पट्टी जास्त बारकाईची आहे. ‘कूस’ या नावाने ओळखली जाणारी, ४२ प्रश्नांची आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली आज जगभरातल्या जवळपास प्रत्येक गुडघ्याच्या संशोधनात वापरली जाते. तिचे पाच भाग आहेत: दुखणे, इतर लक्षणे, दैनंदिन कामे, खेळ व करमणूक, आणि जगण्याची गुणवत्ता. यात उकिडवे बसता येते का आणि गुडघ्यांवर बसता येते का, हे प्रश्न आहेत. पण ते दैनंदिन कामांत येत नाहीत. ते ‘खेळ व करमणूक’ या भागात धावणे आणि उडी मारणे यांच्या शेजारी बसवले आहेत. स्वीडनमध्ये ते बरोबरच असेल. यवतमाळात निंदण, चुलीपुढचा स्वयंपाक, शौचालय, मांडी घालून जेवण, पंगतीत वाढणे, सारवणे या सगळ्यांत माणूस जमिनीशी असतो. इथल्या बाईला ‘करमणुकीत थोडी अडचण’ असे गुण मिळतील तेव्हा प्रत्यक्षात तिची मजुरी बुडालेली असेल. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ओळीच्या टोकाला वळताना गुडघा सांभाळावा लागला की वेचा कमी भरतो, आणि त्या घटीची नोंद कुठल्याच प्रश्नावलीत होत नाही.

मग दहा-पंधरा-वीस वर्षांनी होते काय? दोरी तुटलेल्या गुडघ्यात पुढचे नुकसान बहुधा गाद्यांचे होते. मांडी आणि नडगी यांच्या हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. अस्थिर गुडघा पुनःपुन्हा दगा देतो, पाय ‘निसटतो’, आणि प्रत्येक निसटण्याला या गादीला चिमटा बसतो. एखाद्या दिवशी ती फाटते, तुकडा सांध्यात अडकतो आणि गुडघा सरळच होत नाही. गादी गेली की तिच्याखालच्या गुळगुळीत कूर्चेवर थेट भार येतो. कूर्चेची झीज म्हणजेच संधिवाताचा तो प्रकार, जो एरवी आजी-आजोबांच्या वयात येतो.

स्वीडनमध्ये स्टेफान लोमांडर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही धक्का देतो. एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंना त्यांनी बारा वर्षांनी पुन्हा तपासले. त्यांचे सरासरी वय तेव्हा अवघे ३१ होते. एक्स-रेवर ८२ टक्के जणींच्या गुडघ्यात काही ना काही बदल दिसले, ५१ टक्के जणींना पक्का संधिवात होता आणि ७५ टक्के जणींनी गुडघ्यामुळे जगण्यात अडचण येत असल्याचे सांगितले. तिशीतल्या बाईचा गुडघा पन्नाशी-साठीतला. विशेष म्हणजे, शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या जणींत या बाबतीत फरक आढळला नाही. दोरी नवी बसवली म्हणून झीज टळतेच असे नाही, कारण दुखापतीच्या त्या एका क्षणात हाडावर हाड आदळलेले असते, आत रक्त साचलेले असते आणि कूर्चेच्या पेशींना बसलेला तो धक्का दोरी बसवून मागे घेता येत नाही.

पण हे आकडे वाचून घाबरून जाण्याचेही कारण नाही. नॉर्वेच्या संशोधकांनी २००९ मध्ये दहा वर्षांहून जुन्या दुखापतींवरचे अभ्यास चाळले. त्यांतले चांगल्या दर्जाचे अभ्यास वेगळे काढले तेव्हा चित्र बदलले. फक्त एसीएल तुटली आणि गादी शाबूत राहिली, अशा गुडघ्यांत संधिवाताचे प्रमाण शून्य ते १३ टक्के होते. गादीही फाटली असेल तर २१ ते ४८ टक्के. गुडघ्याचे पुढचे आयुष्य गादी किती वाचली यावर बरेचसे ठरते, हा या तुलनेचा अर्थ. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्यांचा १५ वर्षे माग ठेवला गेला. त्यांच्यात कृत्रिम सांधा बसवण्याची वेळ इतरांपेक्षा सातपट जास्त लोकांवर आली. सातपट हा शब्द भयंकर वाटतो. प्रत्यक्षात ते प्रमाण ०.२ टक्क्यावरून १.४ टक्क्यांवर गेले होते. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांहून अधिक जणांना १५ वर्षांत ती वेळ आली नाही. शिवाय एक्स-रेवर झीज दिसली म्हणजे गुडघा दुखतोच असे नाही. वाईट फोटो घेऊन मजेत चालणारे आणि चांगला फोटो घेऊन लंगडणारे असे दोघेही ओपीडीत भेटतात.

शस्त्रक्रिया करावी का, हा प्रश्न घरोघरी पैशाच्या हिशेबाने सुटतो. वैद्यकाने तो कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमधल्या लीड्स शहरात १८९५ मध्ये शल्यविशारद मेयो रॉबसन यांच्याकडे ४१ वर्षांचा एक खाणकामगार आला. खाणीत ढिगारा कोसळून त्याचा गुडघा निकामी झाला होता. रॉबसन यांनी तुटलेल्या दोऱ्या टाके घालून पुन्हा जोडल्या. काही वर्षांनी तपासले तेव्हा तो न लंगडता चालत होता आणि कामावर परतला होता. एसीएलच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासातले हे पहिले पान, आणि त्यावर खेळाडू नसून कष्टकरी आहे. वणीच्या कोळसापट्ट्यात आज उताराच्या वाटांवर, डंपरच्या शिडीवर दिवस काढणाऱ्या माणसाला हा रुग्ण परका वाटणार नाही. पुढे मात्र टाके घालून दोरी जोडण्याची ही पद्धत मागे पडली. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतील कॅडेट्सच्या गुडघ्यांवर अशी शस्त्रक्रिया करून सुरुवातीला चांगले निकाल आले होते. पाच वर्षांनी, १९७६ मध्ये, त्याच कॅडेट्सचा आढावा निघाला तेव्हा अनेकांचा गुडघा पुन्हा सैल झाला होता. दोन वर्षांवर थांबले असते तर हे कळलेच नसते. त्यानंतर रुग्णाच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायूबंध घेऊन नवी दोरी तयार करण्याची, आज दुर्बिणीतून केली जाणारी, पद्धत स्थिरावली.

ती प्रत्येकाला लागते का? स्वीडनमधील रिचर्ड फ्रोबेल यांच्या गटाने १२१ तरुण रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली. दुसऱ्याला आधी फक्त शिस्तीचा व्यायाम दिला आणि गुडघा दगा देत राहिला तरच शस्त्रक्रिया, असे ठरवले. पाच वर्षांनी दोन्ही गटांची अवस्था सारखीच होती. व्यायामाच्या गटातल्या ५१ टक्के लोकांनी या काळात शस्त्रक्रिया करून घेतली. उरलेल्या जवळपास निम्म्यांना ती लागलीच नाही. या अभ्यासाचे एमआरआय पुढे पुन्हा तपासले गेले तेव्हा अधिक नवलाची बाब समोर आली. फक्त व्यायाम केलेल्या ३० जणांपैकी १६ जणांच्या तुटलेल्या दोरीत दोन वर्षांनी भरून येण्याची चिन्हे होती. एसीएल एकदा तुटली की कधीच जुळत नाही, असे वैद्यकाच्या पिढ्यांना शिकवले गेले होते. मात्र ब्रिटनमधला २०२२ चा अभ्यास दुसरी बाजू सांगतो. त्यात ज्यांची दुखापत ताजी नव्हती आणि गुडघा आधीच दगा देत होता, असे ३१६ रुग्ण होते. दीड वर्षाने शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती व्यायामाच्या गटापेक्षा स्पष्टपणे चांगली होती.

दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर व्यवहारातला रस्ता दिसतो. दुखापत नवी असेल, गादी अडकलेली नसेल, तर तीन महिने मनापासून व्यायाम करून पाहण्यात काही गमावत नाही. दुखापत जुनी असेल आणि पाय वारंवार निसटत असेल, तर ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणण्यात गादीचा बळी जातो. यवतमाळात दुर्दैवाने दुसऱ्या प्रकारचे रुग्ण उशिराच डॉक्टरांपर्यंत येतात, तेही पेरणी, निंदण, वेचणी उरकल्यावर. जिल्ह्यात श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पलीकडे सेवाग्राम, अमरावती, नागपूर आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या संलग्न रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि कुठल्या रुग्णालयात होते, हे त्याच्याकडून आधी विचारून घ्यावे. खासगी रुग्णालयाच्या खर्चाचा आकडा ऐकून घरी परतण्यापूर्वी विचारावे.

खर्चापेक्षाही वेळ जास्त महाग पडतो. नवी दोरी बसवली की ती शरीरात रुजायला महिने लागतात. मधल्या काळात ती मूळ दोरीपेक्षा कमकुवत असते, पण गुडघा दुखत नसल्याने ते जाणवत नाही. नॉर्वे आणि अमेरिकेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे जितके महिने लांबवले, तितकी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्यामागे निम्म्याने घटत गेली. पंचविशीच्या आतल्या, खेळाकडे परतलेल्या रुग्णांत पुन्हा एसीएल तुटण्याचे प्रमाण २३ टक्के आढळले आहे. जवळपास चारांतला एक, कधी तोच गुडघा तर कधी दुसरा.

पंचविशीच्या आतला तरुण आणि नऊ महिने हे समीकरण यवतमाळात लगेच पोलीस भरतीशी येऊन भिडते. पहाटे मैदानावर आणि डांबरी रस्त्यांवर धावणाऱ्या मुलामुलींचे सगळे गणित मैदानी चाचणीच्या ५० गुणांवर असते: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. सैन्य भरतीत तर नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा आणि नागमोडी फळीवर तोल सांभाळायचा असतो. एसीएलची परीक्षा घ्यायला यापेक्षा नेमकी चाचणी शोधून सापडणार नाही. भरतीची जाहिरात निघते तेव्हा शस्त्रक्रियेला पाच महिने झालेले असतात आणि वयोमर्यादेत एकच संधी उरलेली असते. अशा मुलाला ‘थांब’ म्हणणे सोपे नाही. पण सहाव्या महिन्यात खड्डा ओलांडताना तुटलेली दोरी दुसऱ्यांदा बसवणे अवघड असते आणि तिचे निकाल पहिलीपेक्षा कमी चांगले येतात, हे त्याला सांगायला हवे. तारखेपेक्षा ताकद पाहावी. दुखापतीच्या पायाची मांडी दुसऱ्या मांडीच्या निदान नव्वद टक्के ताकदीची झाली का, एका पायावर उडी मारून तोल राखता येतो का, आणि उडीचे अंतर दोन्ही पायांवर जवळपास सारखे पडते का, हे फिजिओथेरपिस्ट मोजून सांगतो. उडीचे अंतर तर घरच्या अंगणात खडूने रेघ मारूनही कळते.

या सगळ्यात मांडीच्या पुढच्या स्नायूला मध्यवर्ती स्थान आहे. गुडघ्यात सूज असली की मेंदू या स्नायूला पूर्ण ताकदीने काम करू देत नाही आणि तो झपाट्याने बारीक होतो. महिनाभरात दोन्ही मांड्यांना टेप लावून पाहिले तर फरक डोळ्यांना दिसतो. मालिशने तो भरून येत नाही, पट्ट्याने नाही, आरामाने तर मुळीच नाही. पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबणे, ताठ पाय उचलून धरणे, मग भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे, ओट्याच्या पायरीवर चढणे-उतरणे, एका पायावर उभे राहणे, अशा क्रमाने जायचे. यंत्रे लागत नाहीत. पुसद किंवा यवतमाळला दर आठवड्याला बसने जाणे प्रत्येकाला शक्य नसते. तेव्हा महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टकडून पुढचा टप्पा शिकून घेऊन रोज घरी करणे, हा मधला मार्ग आहे.

दुखापत टाळण्याचे शास्त्रही आता पक्के झाले आहे. सराव सुरू करताना पंधरा-वीस मिनिटे उडी मारून दोन्ही गुडघे किंचित वाकवून अलगद उतरणे, गुडघा आत झुकू न देणे, वेगात धावता धावता छोट्या पावलांनी थांबणे, मांडीमागचे स्नायू बळकट करणे. असा कार्यक्रम नियमाने राबवणाऱ्या संघांत एसीएलच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दिसले आहे, मुलींमध्ये तर त्याहून अधिक. मुलींना समान खेळात ही दुखापत मुलांपेक्षा दोन-तीनपट जास्त होते, हे लक्षात घेता शाळा-महाविद्यालयांच्या मुलींच्या संघांत या पंधरा मिनिटांना प्राधान्य हवे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी शतकाहून जुनी परंपरा शेजारच्या जिल्ह्यात आहे, तेव्हा हे शिकवणारे हात विदर्भात कमी पडू नयेत.

ज्यांचा टोंगळा पंधरा-वीस वर्षांपूर्वी फिरला आणि ज्यांची दोरी कधीच तपासली गेली नाही, त्यांच्यासाठीही दार बंद झालेले नाही. संधिवात सुरू झालेल्या गुडघ्यातही मांडीची ताकद वाढवली आणि वजन थोडे उतरवले तर दुखणे कमी होते, याला भक्कम पुरावा आहे. दुखापतीनंतर हालचाल घटते, वजन वाढते, वाढलेले वजन गुडघ्यावर येते. हे चक्र दोन्हीपैकी कुठल्याही टोकाला धरून तोडता येते. निंदताना उकिडवे बसण्याऐवजी बुटका पाट किंवा टिकाव धरणारे छोटे स्टूल घेणे, वेच्याची ओटी पूर्ण भरण्याआधीच रिकामी करणे, फवारणी पंप अर्धाच भरून जास्त फेऱ्या मारणे, चिखलात पाय रोवून न वळता दोन पावले टाकून वळणे, या गोष्टी कुठल्याही वैद्यकीय मार्गदर्शिकेत नाहीत, पण गुडघ्याचे यंत्रशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. गुडघा अचानक अडकू लागला, रात्री झोपेतून उठवण्याइतका दुखू लागला किंवा नव्याने सुजू लागला, तर मात्र उभे राहून काढलेला एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञाची तपासणी हंगाम संपण्याची वाट न पाहता करून घ्यावी. कृत्रिम सांध्याचा विषय निघालाच, तर जमिनीवर बसण्याचे, मांडी घालण्याचे आणि वावरातल्या कामाचे पुढे काय होणार, हे शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून घ्यावे. सांधा बदलल्यावर उकिडवे बसू नका असे बहुतेक डॉक्टर सांगतात, आणि ते ऐकायची वेळ घरात कमोड बसवण्याच्या आधी यायला हवी.